मोतिया पिकेपर्यंत

सौंसर
१४ जून २०२५

ती. केशवदादास,
प्रतिभाचा नमस्कार.

घरात दोन-दोन मोबाइल असताना ही पत्र का लिहीत बसली, असं तू म्हणशील. कारण तूच आहेस. फोनवर डोळ्यांचा विषय काढला की तू "हं, हं, तिले देतो" म्हणतोस आणि फोन वहिनींच्या हातात जातो. पत्र असं टाळता येत नाही. तू वाचलं नाहीस तर वहिनी मोठ्याने वाचून दाखवतील, हे मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलं आहे.

परवा उर्वशीला घेऊन नागपूरला जाऊन आले. चष्मा काढायचं ऑपरेशन करायचं, हे खूळ तिच्या डोक्यात दोन वर्षांपासून आहे. पोरगी शाळेत नोकरीला लागली, स्वतःचं बघते, तर मी नाही कसं म्हणू? डॉक्टर भला माणूस निघाला. त्याने सगळं समजावून सांगितलं. डोळ्याच्या समोर काचेसारखा पारदर्शक पडदा असतो, लेझरने त्याला नवा आकार देतात, म्हणजे उजेड आत जिथे पडायला हवा तिथे नेमका पडतो आणि चष्म्याची गरज राहत नाही. पण त्यासाठी पडदा मुळात जाड हवा. उर्वशीचा पातळ निघाला. डॉक्टर सरळ म्हणाला, मी करणार नाही, दुसरा कोणी करतो म्हणाला तरी करू नका. पोरगी परतताना सावनेरपर्यंत खिडकीकडे तोंड करून रडत होती.

आता तुझं. पूनमच्या लग्नात रामाकोन्याला तू मांडवाच्या खांबावर आदळलास. ताक पेल्याच्या बाजूला ओतलंस. नात्यातले दादाराव तुझ्या डाव्या हाताला उभे राहून नमस्कार करत होते आणि तू त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाहीस. ते अजून फुगून बसले आहेत. पांढुर्ण्याच्या डोळ्यांच्या शिबिरात तुला मोतिया सांगितला त्याला वर्ष झालं. अजून कशाची वाट पाहतोस? डोळे तुझे आहेत, गेले तर दुकानात मिळणार नाहीत.

तुझी,
प्रतिभा

•

सावरगाव
२९ जून २०२५

चि. प्रतिभास आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. जन्मभर पोरांना निबंध लिहायला लावलेस, त्याचा सूड तू माझ्यावर का उगवतेस ते कळलं नाही.

उर्वशीला सांग, चष्म्यात ती चांगली दिसते. धडधाकट डोळ्यात लेझर मारून घ्यायची ही कोणती हौस? डॉक्टर नाही म्हणाला तर त्याच्या नावाने देवाला नारळ फोड.

माझ्या डोळ्यांची काळजी सोड. मी पेपर वाचतो. हे पत्र मीच लिहिलं आहे. शिबिरात ती अक्षरांची पाटी लावली होती, तिची अगदी शेवटची ओळ मी घडाघडा वाचली. माझ्या पुढच्या म्हाताऱ्याला वरचं ढोबळं अक्षर दिसत नव्हतं. मोतिया आहे, हे मी कुठे नाकारतो? पण तो अजून कच्चा आहे. पिकला की काढू. मी संत्र्याची बाग करतो, मला तरी हे शिकवू नकोस. हिरवं फळ तोडलं की व्यापारी टोपली उलटी करून निघून जातो. डोळ्याचंही तसंच. घाई केली की नासलं.

शिवाय आंबिया बहाराची संत्री तुटेपर्यंत मला बाग सोडून कुठे जाता येत नाही.

मांडवाचा खांब मधोमध रोवला होता, तिथे कोणीही आदळला असता. दादारावाचं म्हणशील, तर तो नमस्कार इतका चोरून करतो की समोरच्याला कळू नये. फुगू दे.

तुझी वहिनी तुला काय काय सांगते हे मला माहीत आहे. अर्धं सोडून दे.

केशव

•

सौंसर
२१ जुलै २०२५

ती. दादास नमस्कार.

मी इतकी चिडले आहे की हे पत्र आधी एकदा लिहून फाडून टाकलं.

तुझी नागपूरची वेळ मी घेतली. तू फोनवर हो म्हणालास. वहिनींनी तुझा धुतलेला सदरा काढून ठेवला. मी सौंसरहून सकाळच्या बसने जाऊन दवाखान्यात बाकावर बसून राहिले. तुझं नाव दोनदा पुकारलं. दुसऱ्यांदा मी उभी राहिले, तर ती नर्स मलाच आत घ्यायला लागली. आणि तू कुठे होतास? स्टेशनला जातो म्हणून निघालास आणि बागेत जाऊन बसलास. फोन बंद. साठी ओलांडलेल्या माणसाने शाळा बुडवावी तसं.

आता नीट वाच. मोतिया पिकायची वाट पाहणं ही जुन्या काळची गोष्ट आहे. तेव्हा तो अख्खा बाहेर काढावा लागे, म्हणून थांबत. डोळ्यात आपलं स्वतःचं एक भिंग असतं. वयाने ते गढूळ होतं, एवढाच मोतीबिंदू. आता बारीकशा चिरेतून ते गढूळ भिंग आतच फोडतात, ओढून घेतात, आणि नवीन बसवतात. त्याच दिवशी माणूस घरी येतो. तू पिकू देशील तर ते आणखी टणक होईल आणि काढायला अवघड जाईल.

पिकणं हा शब्द फळाला लाव, केसाला लाव. डोळ्याला लावू नकोस. मी मराठी शिकवली आहे, एवढं माझं ऐक.

पुढची वेळ मी पोळ्यानंतरची घेते. या वेळी तुला न्यायला मी स्वतः सावरगावला येणार.

प्रतिभा

•

सावरगाव
२६ ऑगस्ट २०२५

प्रतिभाताईंना शकुबाईचा नमस्कार.

मला पत्र लिहायची सवय नाही, चुकलं तर सांभाळून घ्या. फोन केला असता, पण हे दिवसभर घरात पलंगावर आहेत आणि कान इकडेच आहेत. डोक्याला पट्टी आहे. घाबरू नका, टाके पडले, बाकी बरे आहेत.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीला, नदीच्या दोन्ही काठांवरून गोटे मारायचा तो खेळ पाहायला, हे दरवर्षीसारखे नदीवर गेले. खेळत नाहीत, काठावर उभे राहतात, तुम्हाला माहीतच आहे. आजवर एक गोटा लागला नाही. या वेळी डाव्या बाजूने आला आणि कपाळावर बसला. शेजारचे लोक सांगत होते, गोटा लांबूनच येताना दिसत होता, सगळे सरकले, हे एकटेच तिथे उभे. मी विचारलं, "सारे सरकले, तुम्हीच काऊन उभे राह्यले?" तर म्हणतात, "मले दिसलाच नाई वं." मग एकदम गप्प झाले. ताई, हे कधी गप्प होत नाहीत. मला तेव्हा खरी भीती वाटली.

मी आता सगळं सांगून टाकते. ताटात डाव्या अंगाला वाढलेली भाजी तशीच राहते आणि वर माझ्यावरच ओरडतात, "भाजी कायले नाई वाढली?" मी ताट फिरवून देते, तेव्हा दिसते. गोठ्याच्या दाराला रोज खांदा लागतो.

तुम्ही ऑपरेशन करा म्हणता, आणि हे म्हणतात पिकू दे. शिबिरात मी सोबत होते. तो डॉक्टर हिंदी बोलणारा होता. त्याने डोळ्यात उजेड मारला, काहीतरी मोजलं आणि म्हणाला, "काला मोतिया है. दवा रोज डालिए, बंद मत कीजिए." एक बाटली दिली. ती संपेपर्यंत यांनी टाकली. मग मी म्हटलं, दुसरी आणा. तर म्हणाले, "मोतिया हाय, काळा झाला का पिकला समजाचं. तवा काढतीन." तेव्हापासून रोज सकाळी दारातल्या उजेडात उभे राहतात आणि मला डोळा दाखवतात, "पाह्य बरं, काळा झाला का?" मी काय पाहू? म्हणते, "बुबुळ तं आधीपासूनच काळं हाय बाप्पा."

यात काही चुकतं आहे का? मला वाटून राहिलं, चुकतं आहे.

शकुबाई

•

सौंसर
२९ ऑगस्ट २०२५

दादा,

मोतिया काळा होत नाही. काला मोतिया हा वेगळाच रोग आहे. हिंदीत दोन्हींना मोतिया म्हणतात, एक सफेद, एक काला. आपल्या मराठीत त्याला काचबिंदू म्हणतात. त्याचा मोतीबिंदूशी काही संबंध नाही. तो पिकत नाही. त्यात वाट पाहायची नसते. त्यात गेलेली नजर परत येत नाही.

आणि मी मूर्ख तुला मोतीबिंदूवर व्याख्यानं देत बसले. तो डॉक्टर नेमकं काय म्हणाला, हे मी वर्षभरात एकदाही विचारलं नाही.

रविवारी गाडी घेऊन येते. सोमवारी सकाळी नागपूर. बागेत जाऊन बसलास तर बागेत येऊन ओढून नेईन.

प्रतिभा

•

सावरगाव
२४ सप्टेंबर २०२५

चि. प्रतिभास आशीर्वाद.

तू मला गाडीत घालून नेलंस, त्याबद्दल काय लिहावं ते इतके दिवस सुचत नव्हतं. आता लिहितो.

त्या अंधाऱ्या खोलीत मला एका पांढऱ्या घमेल्यासारख्या यंत्रात तोंड घालून बसवलं. हातात बटन दिलं. बारीक उजेड दिसला की दाबायचं. मी वाट पाहत बसलो. उजेड येईना. मी त्या पोरीला म्हटलं, "बाई, तुमचं मशीन बंद पडून राह्यलं." बाहेर आल्यावर डॉक्टरने कागद दाखवला. जिथे मला दिसत नाही तिथे काळं. डावा डोळा जवळजवळ सगळा काळा. उजव्याचा काठ काळा, मधोमध पांढरं. मशीन बरोबर चालू होतं, प्रतिभा.

समोरचं दिसतं म्हणून मी पाटीची शेवटची ओळ वाचत होतो. बाजूचं गेलेलं मला कळलंच नाही. न दिसणारी गोष्ट दिसत नाही, हे कळणार तरी कसं?

मी डॉक्टरला म्हटलं, ऑपरेशन करा. तो म्हणाला, गेलेलं परत येणार नाही. मी म्हटलं, लेझर मारा. तो म्हणाला, त्यानेही परत येणार नाही. मग काय करायचं? तर थेंब टाकायचे. रोज, जन्मभर. त्याने दिसेल का? नाही. टाकल्यावर बरं वाटेल का? नाही, थोडं चुरचुरेल. हे कसलं औषध? फवारणी करायची, पैसे घालायचे, आणि झाडाला पालवी येणार नाही, हे आधीच सांगायचं.

शेवटी तो तुझ्याकडे वळून हिंदीत बरंच काही सांगत होता. तू मान हलवत होतीस.

डोक्याचे टाके काढले. खूण राहिली आहे.

केशव

•

सौंसर
८ ऑक्टोबर २०२५

ती. दादास नमस्कार.

तुझं पत्र वाचून मी रडले, आणि मग पुन्हा चिडले. त्या फवारणीच्या ओळींसाठी.

झाडाचंच उदाहरण घे, तुला दुसरं काही पटत नाही. आळ्यात पाणी साचलं, निचरा झाला नाही, तर संत्र्याचं मूळ सडतं की नाही? वरून झाड हिरवं दिसतं, फांदी वाळेपर्यंत तुला कळत नाही. डोळ्यातही पाणी तयार होतं आणि वाहून जातं. त्याचा निचरा अडला की आत दाब वाढतो आणि मेंदूकडे जाणारी नस दबत दबत मरते. हे थेंब पालवी फोडायला नाहीतच. दाब कमी करायला आहेत. वाळलेल्या फांद्या तू तोडून टाकतोस, पण म्हणून उरलेल्या झाडाचा निचरा करणं सोडतोस का?

उजव्या डोळ्यात मधोमध पांढरं उरलं आहे. तेवढं राखायचं आहे. त्यात पेपर आहे, बाग आहे, वहिनींचं तोंड आहे. मला फक्त एवढं कळव की थेंब टाकतोस.

प्रतिभा

•

सावरगाव
१७ ऑक्टोबर २०२५

प्रतिभा,

थेंब टाकून राहिलो. दिवाळीला ये.

केशव

•

सौंसर
२८ ऑक्टोबर २०२५

दादा,

भाऊबीजेला तुला ओवाळलं, तुझ्या ताटात लाडू वाढला, आणि पाणी घ्यायला उठले तर फडताळात ती बाटली. झाकणाचं सील तसंच. नागपूरहून आणलेली बाटली तू उघडलीही नाहीस. आणि मला लेखी कळवलंस की टाकून राहिलो.

मी तिथेच तुझ्यावर ओरडणार होते. सणाचा दिवस, वहिनींचं तोंड पाहून गिळून टाकलं.

तू लहान आहेस का? तुझा डावा डोळा गेला. तुला गोटा लागला. उजव्याचा काठ गेला. आणखी काय जाऊ द्यायचं आहे तुला? मला समजेल असं एक कारण सांग. चुरचुरतं, हे कारण नाही. उपयोग नाही, हे कारण नाही, ते मी समजावून झालं. तुझ्यामुळे माझी झोप गेली आहे आणि तुझ्या तोंडावर ओरडायलाही मला आता कंटाळा आला आहे.

प्रतिभा

•

सावरगाव
९ नोव्हेंबर २०२५

चि. प्रतिभास आशीर्वाद.

खोटं लिहिलं, ते चुकलं. आता खरं लिहितो.

डॉक्टर तुझ्याकडे वळून काय म्हणाला, ते मी ऐकलं होतं. माझे डोळे गेले असतील, कान शाबूत आहेत. तो म्हणाला, "ये खानदान में चलता है. भाई-बहन सबसे पहले जाँच कराएँ." तू मान हलवलीस. मी गाडीत वाट पाहिली, तू काही बोलली नाहीस. पत्रात वाट पाहिली. तू निचरा लिहिलास, मूळ लिहिलंस, माझं अख्खं झाड लिहिलंस, पण तुझ्या डोळ्यांबद्दल एक अक्षर नाही. भाऊबीजेला मी तुला विचारलं, "तू दाखवलं का?" तर म्हणालीस, "मले काय झालं? मले सारं दिसते."

मलाही सारं दिसत होतं. पाटीची शेवटची ओळ दिसत होती.

आपण एका आईची लेकरं आहोत. तुझ्यात ते नसेल कशावरून? तू माझ्यामागे वर्षभर लागलीस, मी ऐकलं नाही. तुझ्यामागे कोण लागणार? उर्वशीचे बाबा देवमाणूस, तू म्हणशील ती पूर्व दिशा. मग मीच लागतो. माझ्यासारख्या हट्टी माणसाला दुसरा मार्ग सुचला नाही.

तू तपासून येईपर्यंत मी बाटली उघडणार नाही. सील तोडायचं की नाही, ते तुझ्या हातात.

केशव

•

सौंसर
१४ नोव्हेंबर २०२५

दादा,

याला काय म्हणायचं? स्वतःचा डोळा ओलीस ठेवून धाकट्या बहिणीला धमकी? हे असलं फक्त तुलाच सुचू शकतं. मी येईन तपासून, उर्वशीच्या शाळेची सहामाही झाली की. तू आज थेंब टाक. आज.

प्रतिभा

•

सावरगाव
२० नोव्हेंबर २०२५

आधी तू.

केशव

•

सौंसर
१९ डिसेंबर २०२५

ती. दादास नमस्कार.

गेले. काल.

महिना लावला, कारण मला भीती वाटत होती. सहामाही कधीच संपली. रोज उठायचं, वेळ घ्यायला फोन उचलायचा आणि दुसराच नंबर लावायचा. इतकं दुसऱ्याला समजावणारी बाई स्वतः त्या बाकावर बसायला घाबरते, हे तुला सांगायलाही लाज वाटत होती. शेवटी उर्वशीने तुझं पत्र वाचलं. तिने चष्मा सारखा केला आणि म्हणाली, "आई, मामा तिथे बाटली बंद करून बसलाय, आणि तू इथे तारखा पाहून राहिली." आणि मला बसमध्ये बसवलं.

मलाही आहे, दादा. दोन्ही डोळ्यांत दाब वाढलेला आहे. नस नुकती दबायला लागली आहे. त्या घमेल्यात तोंड घालून बसले आणि बटन दाबत राहिले. सगळे उजेड दिसले. काही गेलेलं नाही. डॉक्टर म्हणाला, दोन-तीन वर्षांनी आला असतात तर ही गोष्ट वेगळी झाली असती. मला काही त्रास नव्हता. डोकं दुखत नव्हतं, डोळा लाल नव्हता. मी आयुष्यात आपणहून गेले नसते.

आता मीही रोज थेंब टाकते. चुरचुरतं, तू म्हणालास तसंच.

आणि हे लिहिल्याशिवाय राहवत नाही. मला वाचवायला तू तीन महिने तुझा डोळा उघडा टाकलास. मी तुझे आभार मानू की तुला धरून बदडू, हे मला खरंच कळत नाही. मी लवकर गेले असते तर तुझे ते तीन महिने गेले नसते, हेही कळतं, आणि ते मला कोणी सांगायची गरज नाही.

सील तोड. आता तरी तोड.

तुझी,
प्रतिभा

•

सावरगाव
१८ जानेवारी २०२६

चि. प्रतिभास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं त्याच सकाळी सील तोडलं. तुझी वहिनी थेंब टाकते, मी तोंड वर करून बसतो. ती तुझ्यासारखीच झाली आहे. एक थेंब गालावर गेला तर दुसरा टाकल्याशिवाय सोडत नाही. रोज दारात उभं राहून डोळा दाखवणं बंद केलं. तिला म्हटलं, "काळा झाला का?" तर म्हणाली, "आता पुन्हा इचारसान तं मी माहेरी चालली."

काचबिंदू हा शब्द माझ्या जिभेवर बसत नाही. तो नागपूरचा डॉक्टर म्हणतो म्हणून म्हणतो.

परवा आम्ही दोघं जाऊन आलो. पुन्हा घमेल्यात तोंड घातलं. डॉक्टरने जुना कागद आणि नवा कागद शेजारी ठेवले. उजव्याचं पांढरं आधीपेक्षा लहान झालं आहे. फार नाही, पण झालं आहे. दाब आता उतरला आहे, थेंब चालू ठेवले तर तेवढं राहील म्हणाला. यावर तू मला पत्र लिहू नकोस आणि स्वतःलाही काही बोलू नकोस. जे गेलं ते मी माझ्या मनाने घालवलं आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. तुझं सगळं शाबूत आहे, एवढं मी डॉक्टरकडून पुन्हा विचारून घेतलं. तो म्हणाला, दुसऱ्या पेशंटचं सांगता येत नाही. मी म्हटलं, "ते पेशंट नाई, माही बहीण हाय." तेव्हा त्याने हो म्हणून मान हलवली.

आंबिया तुटला. चांगला आला. तुमच्यासाठी दोन पेट्या बाजूला ठेवल्या आहेत, उर्वशीला घेऊन ये. आणि आलीस की तुझ्या सवयीने माझ्या डाव्या हाताला पाटावर बसू नकोस, तिथे मला कोणी दिसत नाही. समोर बस. समोरचं मला सगळं दिसतं.

केशव